रेडिओलॉजीतून स्पेशालिटी बदलायचीय : आयपी, सर्जरी की ईडी? हातात सहा आठवडे

छातीचा_एक्सरे, सोमवार रात्री ११:५०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसताच वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी पुण्यात मेडिकल कोडिंगला आहे, अमेरिकेतल्या हॉस्पिटलांचं काम, रिपोर्ट वाचून आजार आणि उपचारांना बिलासाठी कोड द्यायचे. बीएस्सी मायक्रो, मग तीन महिन्यांचा क्लास आणि त्यानंतर पाच वर्षं एकाच खुर्चीवर रेडिओलॉजी. एक्सरे, सीटी, एमआरआय, अल्ट्रासाऊंड. ७१०४६ (छातीचा एक्सरे) आणि ७४१७७ (पोटाचा सीटी) मी झोपेत टाकतो, बायको म्हणते खरंच बडबडतोस. सीपीसी (कोडरचं सर्टिफिकेट) आहे, मागचं नवशिक्याचं ‘ए’ कधीच गळून पडलं.

आता झालंय असं की आमच्या क्लायंटने साधे एक्सरे मशीनकडून कोड करून घ्यायला सुरुवात केलीये, आमच्याकडे फक्त मशीनने हात टेकलेले येतात. वीस जणांची टीम होती ती अकरावर आली. काढलं कोणालाच नाही पण ‘दुसरीकडे अलाइन’ केलं. परवा आयजेपी (कंपनीतल्या कंपनीत भरती) आलं, तीन जागा, आयपी डीआरजी (ॲडमिट पेशंट, बिल आजाराच्या गटावर ठरतं), सर्जरी आणि ईडी (इमर्जन्सी विभाग). टेस्ट सहा आठवड्यांनी, अर्ज एकालाच करता येतो. टीएल (टीम लीडर) म्हणतो आयपी घे, पैसा तिकडे आहे. मित्र म्हणतो ईडी घे, लवकर बसतं. मला स्वतःला ऑपरेशनच्या नोट्स वाचायला आवडतील असं वाटतं पण आजवर एकही धड वाचलेली नाही, तेव्हा या आवडण्याला काय अर्थ आहे देव जाणे.

प्रश्न दोन. कुठली निवडू, आणि रोज दीड-दोन तास मिळतात त्यात नेमकं करू काय? पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं होतं, तिसऱ्या दिवशी त्यावर डोकं ठेवून झोपलो.

अनस्पेसिफाइड, मंगळवार सकाळी ८:०५

ईडी घे. तपासणीच्या पाच लेव्हल आहेत, ९९२८१ ते ९९२८५. पाच बोटं मोजता येतात ना?

रात्रपाळी, मंगळवार सकाळी ९:३०

वरच्या साहेबांनी ईडी कधी केलेली नाही हे एका ओळीत कळलं :)

मी चार वर्षं ईडीत आहे, नवी मुंबई. लेव्हल पाच असल्या तरी दोन कोडर एका चार्टला (पेशंटच्या फाइलला) दोन लेव्हल देतात आणि ऑडिटर तिसरी. २०२३ पासून लेव्हल फक्त एमडीएमवर (डॉक्टरचा निर्णय किती अवघड होता त्यावर) ठरते, ईडीला वेळ धरतच नाहीत. तीन खांब आहेत, प्रॉब्लेम किती गंभीर, डेटा किती पाहिला आणि रिस्क किती, तिन्हीपैकी दोन जमले पाहिजेत. ऐकायला सोपं वाटतं. पण छातीत दुखतंय म्हणून आलेला माणूस शेवटी गॅसवर घरी गेला तर प्रॉब्लेम कुठला धरायचा, आलेला की गेलेला? डॉक्टरने आल्यावर काय शक्यता धरून तपासलं ते धरायचं, शेवटचं निदान साधं निघालं म्हणून लेव्हल पाडायची नाही. हे एक वाक्य डोक्यात बसायला मला तीन महिने लागले.

वरून टाके, प्लास्टर, क्रिटिकल केअर. ९९२९१ ला किमान तीस मिनिटं लागतात, आणि त्या मिनिटांत श्वासाची ट्यूब टाकायचा वेळ धरायचा नाही कारण ३१५०० वेगळं बिल होतं. डॉक्टर नोटेत लिहितो ‘३५ मिनिटं’ आणि ट्यूबचा वेळ वगळला की नाही ते लिहीत नाही. बसा मग.

अनस्पेसिफाइड, मंगळवार सकाळी ९:४१

शरण आलो. माझी आयडी काय आहे बघा, मी .९ वरच, म्हणजे ‘नक्की काय ते लिहिलेलं नाही’च्या कोडवरच जगतो.

वैद्यीण_हैदराबाद, मंगळवार दुपारी १:१५

मी आयपी डीआरजीची ट्रेनर आहे. मूळची नांदेडची, बीएएमएस, प्रॅक्टिस चालली नाही म्हणून इकडे आले आणि इकडचीच झाले. सविस्तर लिहिते कारण रेडिओलॉजीतून आलेली बरीच मुलं माझ्या हाताखालून गेलीत.

एक्सरेभाऊ, आयपीत तुम्हाला नवीन शिकायला जितका त्रास होईल त्याहून जास्त जुनं विसरायला होईल. तुम्ही पाच वर्षं काय घोकलंत? ‘प्रोबेबल, सस्पेक्टेड, रूल आउट’ दिसलं की ते कोड करायचं नाही, खोकला असेल तर खोकला टाकायचा. बरोबर, तो आउटपेशंटचा नियम. आयपीत डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरने ‘प्रोबेबल न्यूमोनिया’ लिहिलं असेल तर तो न्यूमोनिया झालाच असं धरून जे १८.९ टाकायचा. अगदी उलटा नियम. मात्र शब्द शेवटी असायला हवा. पहिल्या दिवशी ‘सस्पेक्टेड पीई’ (फुप्फुसात रक्ताची गुठळी), दुसऱ्या दिवशी सीटी स्वच्छ, डिस्चार्ज समरीत नाव नाही, तर विषय संपला. एचआयव्ही, कोविड, झिका आणि काही फ्लू याला अपवाद, तिथे पक्कं लिहिलेलंच लागतं.

दुसरं. तुम्ही रेडिओलॉजिस्टच्या रिपोर्टवर जगलात, तो तुमचा देव. आयपीत त्याच रिपोर्टमध्ये ‘ॲटेलेक्टॅसिस’ (फुप्फुसाचा भाग मिटलेला) दिसलं म्हणून उचलायचं नाही, उपचार करणाऱ्या डॉक्टरने त्याला महत्त्व दिलं पाहिजे. माझ्या बॅचमधल्या रेडिओलॉजीवाल्या मुलांच्या पहिल्या महिन्यातल्या निम्म्या चुका इथल्याच असतात, हात आपोआप जातो.

तिसरं, क्वेरी. रेडिओलॉजीत डॉक्टरला प्रश्न विचारायची सवयच नसते. आयपीत ‘युरोसेप्सिस’ लिहिलेलं आलं की त्याला कोडच नाही, मूत्रमार्गाचं इन्फेक्शन की खरा सेप्सिस ते डॉक्टरला विचारावंच लागतं. उत्तरावर पूर्ण डीआरजी फिरते. आणि विचारायचं असं की उत्तर आपण त्याच्या तोंडात घातलं असं होता कामा नये.

चौथं पीसीएस (आयपीतले ऑपरेशनचे कोड), ते नंतर लिहिते, बॅच सुरू होतेय.

कोल्हापुरी_मटण, मंगळवार दुपारी १:४०

ताई लय भारी लिहिलंय. पण मी सांगतो माझं. मी गेलो होतो रेडिओलॉजीतनं आयपीला. आणि परत आलो. कोण सांगत नाही असलं म्हणून सांगतो.

मी एक्सरे तासाला चाळीस टाकायचो भावा, फ्लोअरवर माझं नाव होतं. आयपीला गेलो, पहिल्या चार्टला साडेतीनशे पानं. मी काय केलं, डिस्चार्ज समरी वाचली आणि सोडला चार्ट. कसं हाय, पाच वर्षं इंप्रेशन (रिपोर्टच्या शेवटचा निष्कर्ष) वाचायची सवय, वर टेक्निकचा एक परिच्छेद, खाली चार ओळी, काम झालं. इथं पण मी इंप्रेशनच शोधत बसलो. पहिल्या महिन्यात क्वालिटी ८२, पाहिजे ९५. दुसऱ्या महिन्यात ८६. प्रॉडक्शन जमत होतं, बाकी काय नाही. रोज सकाळी ऑडिट शीट उघडायला भीती वाटायची, लाल रंगच लाल. रिबटल (एररवर हरकत) टाकायला पण तोंड नव्हतं कारण एरर सगळ्या खऱ्याच. तिसऱ्या महिन्यात मीच बोललो मला परत टाका.

चूक ट्रेनिंगची नाही, माझी. सावकाश वाचायला कोण शिकवत नाही आणि ज्याला स्पीडचा नाद लागलाय त्याला तर आजिबात नाही. तेव्हा एक्सरे, आधी स्वतःला विचार, एका माणसाची गोष्ट दीड तास वाचायला बसता येतं का.

सासूबाई_झेड_६३_१, मंगळवार दुपारी ३:२०

मटण, प्रांजळपणाबद्दल +१.

थोडं हलकं करू का वातावरण? कुठल्याही स्पेशालिटीत जा, बदकाने मारलेलं डब्ल्यू ६१.६२ तुम्हाला मिळणार नाही. मी सात वर्षं वाट बघतेय. एकदा टर्की आली, समोर बसून ढसाढसा हसलो सगळे.

अनस्पेसिफाइड, मंगळवार दुपारी ३:२८

तुमच्या आयडीचा कोड खरा आहे?? सासरच्यांशी संबंधातला प्रॉब्लेम??

सासूबाई_झेड_६३_१, मंगळवार दुपारी ३:३०

शंभर टक्के खरा, पुस्तक उघडा. अमेरिकन लोक आपल्याला वाटतात तितके वेगळे नाहीत.

नागपुरी_तर्री, मंगळवार रात्री १०:१०

सर्जरीवाला इथं कोणी बोललाच नाही काय बे? मी सहा वर्षं जनरल सर्जरी आणि जीआय करून राहिलो.

भाऊ, काहून घाबरतो. तुले सीपीटी (प्रोसिजरचे कोड) येते, मॉडिफायर (कोडामागचे दोन आकडे) येतात, एनसीसीआय एडिट (कोणते कोड सोबत चालत नाही) म्हणजे काय हे तुले सांगावं लागत नाही. आयपीत हे सारं बाजूला ठेवून पीसीएस पहिल्यापासून शिका लागते. सर्जरीत तुझं अर्धं सामान तुझ्यासोबत येते. माझं मत सरळ, शेजारच्या घरात जा, दुसऱ्या गावात नको.

आता ऑपरेशन नोट कशी वाचायची ते ऐक. वर ठळक अक्षरात सर्जन लिहिते ‘प्रोसिजर परफॉर्म्ड’. ते वाच आणि विसर. कोड खालच्या गोष्टीतून निघते. माझ्या पहिल्या महिन्यातला चार्ट सांगतो, वर लिहिलं दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, सोबत कोलँजिओग्राम (पित्तनळीचा एक्सरे). मी टाकला ४७५६३. ऑडिटरनं परत पाठवला. खाली आठव्या ओळीत सर्जन म्हणते की सिस्टिक डक्टमध्ये कॅथेटर गेलंच नाही म्हणून कोलँजिओग्राम सोडून दिला. म्हणजे साधा ४७५६२. आणि दुर्बिणीनं सुरू करून मधात पोट उघडावं लागलं तर फक्त ओपनचा, ४७६००, दोन्ही नाही. सोबत झेड ५३.३१, दुर्बीण सोडून पोट उघडलं म्हणून.

हर्नियाचं तर २०२३ पासून सारंच पालटलं. पोटाच्या समोरच्या भिंतीवरचे हर्निये ४९५९१ ते ४९६१८ मधी गेले, ओपन की दुर्बीण याले अर्थ नाही, जाळी वेगळी भेटत नाही, पहा लागते ते किती सेंटिमीटर, पहिल्यांदा की परत, आणि अडकलेला की आत जाणारा. आता सर्जन सेंटिमीटर लिहीतच नाही. मी एकदा पूर्ण नोट तीनदा वाचली, त्यात जाळीचं माप होतं, भोकाचं नाही. जाळीचं माप लावलं का एरर.

अभ्यासाचं म्हणशील तर रोज दोन नोटा. बस दोन. कोड न पाहता पहिले कागदावर मराठीत लिही सर्जननं काय काय केलं, कोणत्या रस्त्यानं गेला, काय काढलं, काय शिवलं. मग पुस्तक उघड.

माहेरची_मावशी, बुधवार सकाळी ६:४५

नागपूरकरांची शेवटची युक्ती फार आवडली. मी कोडिंगमधली नाही, निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, लेक तुमच्या क्षेत्रात आहे म्हणून वाचते. मराठी माध्यमाच्या मुलांना मी नेहमी सांगायचे की यकृत, प्लीहा, जठर, स्वादुपिंड हे शब्द विसरू नका. इंग्रजी नाव पाठ होतं, मराठी नावामागे चित्र असतं. पित्ताशय म्हटलं की पित्ताची पिशवी समोर येते ना?

छातीचा_एक्सरे, बुधवार सकाळी ८:२०

मावशी, मी मराठी माध्यमाचाच. आणि खरंय, स्प्लीन आणि पॅन्क्रियाज मध्ये क्लासला असताना सतत गोंधळ व्हायचा, प्लीहा आणि स्वादुपिंडात कधीच झाला नाही.

रात्रपाळी, बुधवार सकाळी ९:०२

आमचे सर शेपटं शिकवायचे. ‘एक्टमी’ म्हणजे काढलं, ‘ऑटमी’ म्हणजे कापलं, ‘ऑस्टमी’ म्हणजे तोंड उघडून ठेवलं, ‘पेक्सी’ म्हणजे टाचून ठेवलं, ‘राफी’ म्हणजे शिवलं. शिंप्याचं दुकान आहे हे असं समजा म्हणायचे.

एआय_येतोय, बुधवार सकाळी ११:००

सगळे मिळून त्या बिचाऱ्याला एका बुडत्या जहाजावरून दुसऱ्या बुडत्या जहाजावर पाठवताय. आज एक्सरे गेले, उद्या ईडी जाईल, परवा सर्जरी. डेटा ॲनालिटिक्स शिक.

सासूबाई_झेड_६३_१, बुधवार सकाळी ११:१२

आणि त्यात एआय येत नाही वाटतं?

वैद्यीण_हैदराबाद, बुधवार दुपारी १:३०

यांचं म्हणणं अगदीच उडवून लावू नका. साधे, एकसारखे, छोटे रिपोर्ट मशीनला आधी जमतात हे उघड आहे. आमच्याकडेही मशीन कोड सुचवतं आणि माणूस तपासतो. पण मशीनने सुचवलेले अठरा कोड तपासून त्यातले सहा उडवायला चार्ट पूर्ण वाचलेला माणूसच लागतो. तेव्हा ज्या कामात वाचन जास्त तिथे जा असं मी म्हणेन, मग ते आयपी असो की सर्जरी.

राहिलेलं पीसीएस. त्याला सात खाने असतात आणि मेडिकल-सर्जिकल भागात ३१ रूट ऑपरेशन्स (मूळ क्रिया). सर्जनचा शब्द इथे चालत नाही, त्याने काय साधलं ते पाहायचं. अवयवाचा तुकडा काढला तर एक्सिजन, पूर्ण काढला तर रिसेक्शन. आता फुप्फुसाचा एक लोब (खंड) काढला. एक्सिजन की रिसेक्शन? विचार करा, उत्तर संध्याकाळी.

कोल्हापुरी_मटण, बुधवार दुपारी १:३३

एक्सिजन. फुप्फुस आख्खं कुठं काढलंय.

वैद्यीण_हैदराबाद, बुधवार संध्याकाळी ७:००

सगळे इथेच पडतात :) रिसेक्शन. कारण पीसीएसमध्ये प्रत्येक लोबला स्वतःची वेगळी जागा दिलीय, म्हणजे तो लोब हाच पूर्ण अवयव, आणि तो पूर्ण गेला.

कोल्हापुरी_मटण, बुधवार संध्याकाळी ७:०४

बघा. उगंच परत आलो नाही मी.

क्लीव्हलंडची_पुणेकर, गुरुवार पहाटे ५:१०

इथे ओहायोत हॉस्पिटलच्या कोडिंग विभागात आहे, तुमच्या ‘क्लायंट’च्या बाजूला म्हणा ना. १ ऑक्टोबर २०१५ आठवतो का कोणाला? त्या दिवशी आयसीडी-९ (निदानाच्या कोडांची यादी) बंद आणि १० सुरू. साधारण चौदा हजार निदान-कोडांचे एकदम अडुसष्ट हजारांच्या वर गेले. पंचवीस वर्षं अनुभव असलेल्या बायका होत्या माझ्या विभागात, आकडे तोंडपाठ, पुस्तक कधी उघडायच्या नाहीत. त्यांचं सगळ्यात अवघड झालं. काहींनी त्याच वर्षी निवृत्ती घेतली. मी तेव्हा नवखी होते, मला पाठ काहीच नव्हतं म्हणून मला फारसं लागलंच नाही. एक्सरे, तुमची पाच वर्षं ही तुमची ताकद आहे पण ७१०४६ झोपेत येणं ही ती ताकद नव्हे, ते तर एका १ जानेवारीला पुस्तकातून जाऊही शकतं.

आणखी एक, तुमच्याकडे आयव्हीआर नाही का? रेडिओलॉजीतूनच इंटरव्हेन्शनल. धमनीत कॅथेटर कुठल्या फांदीपर्यंत गेलं, पहिली, दुसरी, तिसरी, त्यावर ३६२४५ ते ३६२४७. तुमच्यासाठी तेच खरं शेजारचं घर.

छातीचा_एक्सरे, गुरुवार सकाळी ९:००

ताई आयव्हीआर आहे पण जागा नाही निघाली, तिथली तिघं जण खुर्चीला चिकटून बसलीत. (वाचत असाल तर राग मानू नका रे.)

रिस्क_वाला, गुरुवार दुपारी १२:३०

कोणी एचसीसी (आजारांवरून पेशंटची रिस्क मोजायचं कोडिंग) सुचवत नाही म्हणून वाईट वाटलं. २०२६ पासून पूर्णपणे व्ही२८ ही नवी आवृत्ती आहे, आधीच्या व्ही२४ मध्ये ८६ कॅटेगरी होत्या त्या ११५ झाल्या पण त्यात मोजले जाणारे कोड मात्र कमी केले. निवांत काम, रात्रीची घाई नाही.

नागपुरी_तर्री, गुरुवार दुपारी १२:५०

त्याच्या आयजेपीत एचसीसी नाही ना भाऊ. धागा पूर्ण वाचत जा, तुम्ही पण इंप्रेशनच वाचून राहिले.

नवशिका_कोडर, गुरुवार रात्री ९:१५

दादा मी सर्जरीत आहे, तुम्हाला सरावाला आमच्या प्रोजेक्टचे पाच-सहा चार्ट पाठवू का? मोबाइलने फोटो काढून देतो, नाव खोडून.

वैद्यीण_हैदराबाद, गुरुवार रात्री ९:१८

बाळा, ही पोस्ट आत्ताच्या आत्ता उडव. नाव खोडलं तरी तारीख, वय, रेकॉर्ड नंबर, हॉस्पिटल सगळं राहतं. हिपा (पेशंटच्या माहितीच्या गुप्ततेचा अमेरिकन कायदा) म्हणजे फक्त वर्षातून एकदा क्लिक करायचं ट्रेनिंग नव्हे. नोकरी तुझीही जाईल आणि ज्याला पाठवशील त्याचीही. फ्लोअरवर मोबाइल नेतोसच कसा?

नवशिका_कोडर, गुरुवार रात्री ९:२५

सॉरी मॅडम. नाही काढले फोटो. नुसतं म्हटलं.

रात्रपाळी, गुरुवार रात्री ९:४०

सरावाच्या नोटा शोधायला एवढा द्राविडी प्राणायाम कशाला. सर्टिफिकेशनच्या सरावाच्या पुस्तकांत बनवलेल्या केसेस असतात, ट्रेनिंग टीमकडे नावगाव काढलेला संच असतो, हक्काने मागायचा. आयजेपी दिलंय म्हणजे द्यायलाच हवा.

अनस्पेसिफाइड, शुक्रवार सकाळी १०:००

नवीन सर्टिफिकेट काढावं का आधी? सीआयसी, सीसीएस वगैरे?

वैद्यीण_हैदराबाद, शुक्रवार दुपारी १:१०

आयपीत राहायचं पक्कं असेल तर सीआयसी किंवा सीसीएस, पण काम सुरू झाल्यावर. चार्ट न पाहता काढलेलं सर्टिफिकेट म्हणजे पोहण्याचं पुस्तक वाचून विहिरीत उडी. सहा आठवड्यांत दोन्ही करायला जाल तर दोन्ही हातचं जाईल.

कोल्हापुरी_मटण, शुक्रवार दुपारी १:२५

आणि डॉलरमधली फी आपल्या खिशातनं असती हे पण बघा. कंपनी परत देती म्हणत्यात, पास झाल्यावर, बाँड लिहून घेऊन.

छातीचा_एक्सरे, रविवार दुपारी ४:३०

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलंच नव्हतं.

तर्रीभाऊंची युक्ती करून बघितली. ट्रेनिंग टीमकडून संच मागितला आणि रोज दोनऐवजी एकच नोट घेतली, मराठीत लिहून काढली. पहिलीच अपेंडिक्सची होती. दीड पान लागलं लिहायला. ‘बेंबीजवळून आत गेले, पोटात हवा भरली, अपेंडिक्स सुजलेलं पण फुटलेलं नव्हतं, मुळाशी स्टेपल मारून कापलं, पिशवीत घालून बाहेर काढलं.’ बायकोने वाचलं, म्हणाली हे तर मलाही कळलं. ४४९७० आपोआप सापडला. मग मटणदादांची परीक्षा पण घेतली, आयपीचा एक चार्ट दीड तास वाचायला बसलो. चाळिसाव्या मिनिटाला मोबाइल शोधायला लागलो. खोटं कशाला बोलू.

सर्जरीला अर्ज टाकला. टीएलचं तोंड जरा वाकडं झालं.

नागपुरी_तर्री, रविवार दुपारी ४:५०

जमलं! आता ग्लोबल पिरियडचे (ऑपरेशनच्या बिलातच धरलेला नंतरचा काळ) ०, १० आणि ९० दिवस आणि मॉडिफायर ५८, ७८, ७९ यांतला फरक टेस्टच्या पहिले पक्का कर. ठरवून परत नेलं तर ५८, ऑपरेशनचा त्रास झाला म्हणून नेलं तर ७८, काही संबंधच नाही तर ७९. टेस्टमधी हे आल्याशिवाय राहत नाही.

सासूबाई_झेड_६३_१, रविवार संध्याकाळी ६:००

अर्जावर झेड ५६.१ टाकलं का? ‘नोकरीत बदल’. आहे तसा कोड.

छातीचा_एक्सरे, आठ आठवड्यांनी, शनिवार रात्री ११:३०

धागा वर काढतोय. टेस्ट झाली, कटऑफ ८५, मला ८८. ७८ आणि ७९ चा प्रश्न खरंच आला. जीआयच्या टीममध्ये टाकलंय, दिवसाला नऊ-दहा चार्ट होतात, रेडिओलॉजीच्या मानाने लाज वाटते पण अजून रॅम्प अप (हळूहळू वेग वाढवणं) चालू आहे.

आता खरा प्रश्न. कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी), स्क्रीनिंगसाठी आलेला पेशंट, पॉलिप (आतड्यातला कोंब) सापडला. स्क्रीनिंगचा झेड १२.११ पहिला ठेवला, पॉलिपचा नंतर, त्यावर वाद नाही. प्रोसिजरला मी ४५३८५ आणि ४५३८०-५९ (५९ म्हणजे हे काम वेगळं) टाकले कारण स्नेअरनेही (तारेच्या फासाने) काढलंय आणि फोर्सेपने (चिमट्याने) बायोप्सीही घेतलीये. ऑडिटरने ४५३८० उडवून एरर लावली. वर स्पष्ट लिहिलंय, ‘स्नेअर पॉलिपेक्टमी आणि बायोप्सी’. सोमवारी रिबटल टाकणार आहे. बरोबर आहे ना मी?

नागपुरी_तर्री, शनिवार रात्री ११:४२

वर लिहिलंय म्हणतो. खाली काय लिहिलंय? बायोप्सी कोणत्या पॉलिपची?

छातीचा_एक्सरे, शनिवार रात्री ११:४४

चार्ट समोर नाही, घरी आहे. सोमवारी बघून सांगतो.

छातीचा_एक्सरे, सोमवार दुपारी ४:१५

एकच पॉलिप होता. आधी त्याचीच बायोप्सी घेतली, मग तोच स्नेअरने काढला. सहाव्या ओळीत आहे. रिबटल टाकला नाही.